पोलोचे ब्रेक पॅड : आंबेनळी घाट ते कारी ट्रॅक, सव्वा वर्षाच्या नोंदी

२८ जानेवारी २०२४, रविवार

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलो. गाडीत आई, बाबा, बायको आणि डिकी भरून सामान. गाडी पोलो १.० टीएसआय, मॅन्युअल, चाकणला बनलेली शेवटच्या वर्षांतली, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. मी काही वेडीवाकडी चालवत नव्हतो, पण पुढे एक टेम्पो होता आणि त्याच्या मागे मागे तिसऱ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत राहिलो, हीच चूक. वाडा कुंभरोशी मागे पडलं आणि थोड्याच वेळात आई म्हणाली "कसला जळका वास येतोय रे?" मला वाटलं टेम्पोचा असेल. पुढच्या वळणाला पेडल दाबलं तर ते नेहमीच्या जागी थांबलंच नाही, मऊ लागलं आणि खाली जात राहिलं. ब्रेक लागला, पण पेडल दोनदा पंप केल्यावर. पोटात गोळा आला. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी कडेला रुंद जागा बघून लावली. चाकातून धूर नव्हता पण जवळ हात नेववत नव्हता इतकी धग. अर्धा पाऊण तास तिथे थांबलो, आईला सांगितलं इंजिन गरम झालंय. खोटं बोललो, ते अजून डाचतंय.

पोलादपूरला पोचेपर्यंत पेडल परत नेहमीसारखं झालं होतं. आजपासून सगळं लिहून ठेवायचं ठरवलंय, कारण मला घाट आवडतात, वर्षातून एकदा दोनदा रेसिंग ट्रॅकवर जायचंय, आणि खिसा मोठा नाही.

२ फेब्रुवारी २०२४

रात्री बसून आकडेमोड केली. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला, म्हणजे १३०० मीटर उतार धरला. माणसं सामान धरून गाडी १४०० किलो. १४०० गुणिले ९.८ गुणिले १३००, म्हणजे जवळपास १८ मेगाज्यूल. हा आकडा नुसता बघून काही कळत नाही म्हणून दुसरं गणित केलं, हीच गाडी ताशी १०० वरून पूर्ण थांबवली तर ०.५४ मेगाज्यूल. म्हणजे तो घाट ब्रेकवर उतरणं म्हणजे शंभरावरून ३३ वेळा गाडी उभी करणं! अर्थात काही भाग हवा खाते, टायर खातात, इंजिन खातं, पण तिसऱ्या गिअरमध्ये क्लचवर पाय ठेवणाऱ्या माझ्यासारख्याच्या गाडीत इंजिन फार काही खात नाही, उरलेलं बहुतेक पुढच्या दोन डिस्कच्या माथी.

दुसरी गोष्ट वाचून पक्की केली. ब्रेक दगा देतो त्याचे मुख्य प्रकार दोन, आणि पायाला ते वेगवेगळे कळतात. पेडल मऊ होऊन खाली गेलं तर ब्रेक ऑइल उकळलंय, नळीत वाफेचे बुडबुडे झालेत आणि आपण ते दाबत बसतो. पेडल कडक आहे, जागच्या जागी आहे, पण गाडी थांबत नाही, तर डिस्कला घासणारं पॅड तापून त्याची पकड गेलीय. माझं पहिलं होतं. म्हणजे मी आल्या आल्या मोबाईलवर जे पॅड शोधत बसलो होतो ते पॅड बदलून हे दुखणं बरं झालंच नसतं.

१० फेब्रुवारी २०२४

गाडी काकांच्या गॅरेजला. काका पंचवीस वर्षं हेच काम करतायत, माझ्या वडिलांची मारुती ८०० पण त्यांच्याच हातची. मी म्हटलं काका पॅड बदलायचेत, चांगले टाका. ते म्हणाले "आधी चाक काढू दे बाळा, मग ठरवू काय टाकायचं." चाक काढलं, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) मागच्या दोन पिन सात नंबरच्या ॲलन कीने सोडवल्या, वरची सुटली, खालची अर्ध्यावर अडकली. बाहेर काढली तर पिनेवर गंज आणि वाळून खडा झालेलं ग्रीस. काकांनी आतलं बाहेरचं दोन्ही पॅड माझ्या हातात दिली. आतलं पॅड ५ मिलिमीटर, बाहेरचं ८. कॅलिपर सरकतच नव्हतं, एकच पॅड काम करत होतं आणि ब्रेक सोडल्यावरही डिस्कला चिकटून घासत राहत होतं.

आणि ऑइल. काकांनी ब्लीडर निपलला (ऑइल सोडायची बोंडी) पारदर्शक नळी लावून बाटलीत सोडलं, चहासारखं. नवीन ऑइल मधाच्या रंगाचं असतं. गाडी घेतल्यापासून मी ते बदललेलंच नाही, सर्व्हिसच्या बिलावर "चेक्ड" लिहून यायचं ते बघून मी गप्प बसायचो. साधारण दोन वर्षांनी बदलावं असं सगळे सांगतात कारण हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडे चार महिने पावसाचे. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ताजं असताना किमान २३० अंशांना उकळलं पाहिजे, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तोच किमान आकडा १५५. डॉट ३ तर २०५ वरून १४०. कॅलिपरच्या आत १५५ होणं म्हणजे त्या घाटात काहीच नाही.

पिना घासून साफ केल्या, रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलं (साधं पिवळं ग्रीस लावू नका, रबर फुगतं आणि पिन परत जाम होते), नवीन डॉट ४, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. पॅड मात्र जुनेच ठेवले, आतलं बाहेर केलं नाही, जिथलं तिथे. एकूण १९०० रुपये. पॅडचे शून्य.

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार

ताम्हिणी. पहाटे निघालो, एकटा. १४०० रुपयाची लेझरवाली तापमान मोजायची बंदूक घेतलीय. पहिल्यांदा चकचकीत डिस्कवर मारली तर ७० अंश दाखवलं, तेव्हाच बोटं जवळ नेली तर धग त्याहून कितीतरी जास्त. मग कळलं की चकाकणाऱ्या धातूवर ही बंदूक फसते, कमी दाखवते. डिस्कचा बाहेरचा गंजलेला काठ किंवा पॅडची कड, तिथे मारली की आकडा पटण्यासारखा येतो. त्यामुळे माझे सगळे आकडे काठावरचे, आणि उभं राहून मोजेपर्यंत थोडे थंड झालेले. एकमेकांशी तुलना करायला पुरेसे आहेत, त्याहून जास्त त्यांच्यावर विसंबू नये.

दोनदा उतरलो. पहिल्यांदा तिसरा गिअर आणि ब्रेकवर हलका पाय, खाली २३५ अंश. वर जाऊन, थंड करून, परत. दुसऱ्यांदा दुसरा गिअर, वळणाच्या आधी ब्रेक नीट दाबायचा, वेग उतरला की पूर्ण सोडायचा, मधल्या वेळात डिस्कला वारा लागू द्यायचा. १४०. तेच पॅड, तीच गाडी, वेळेतही फार फरक नाही. पेडल दोन्ही वेळा जागेवर. हे मला वीस वर्षांचा असताना कोणीतरी सांगायला हवं होतं.

३ मार्च २०२४

आतलं पॅड आता ५ च्या खाली येईल, म्हणून पॅडचा शोध सुरू. नाना पेठेत अख्खी सकाळ. मूळ कंपनीचे पॅड ३८०० च्या आसपास, बॉश, ब्रेम्बो, टीव्हीएस गर्लिंग वगैरे नावाजलेले दोन ते साडेतीन हजारात, आणि एका दुकानात बिननावाच्या पांढऱ्या खोक्यात ७५० ला "सेम टू सेम". ते हातात घेऊन बघितले. कडेला नख लावलं तर भुगा निघाला. मागचा पत्रा आणि त्यावरचा घासणारा मसाला यांच्या सांध्यात केसाएवढी फट. मागे शिम (आवाज दाबणारी पातळ पट्टी) नाही, कडेला कुठलाही छापील कोड नाही. ठेवून दिले.

तो कोड काय असतो ते आज नीट समजलं, म्हणून लिहून ठेवतो. बऱ्याच पॅडच्या कडेला किंवा पत्र्यावर लांबलचक नंबर असतो आणि शेवटी दोन इंग्रजी अक्षरं, एफएफ, जीजी, ईएफ अशी. एसएई जे८६६ नावाची पद्धत आहे. पहिलं अक्षर कमी तापमानातली पकड, दुसरं गरम असतानाची. ई म्हणजे घर्षण गुणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, एच त्याच्या वर. यात पहिलं अक्षर जास्त पकडीचं आणि दुसरं कमी पकडीचं असेल तर पॅड गरम झाल्यावर हात आखडता घेणार. पण एक मेख आहे, ती "गरम" चाचणी साधारण ३४० अंशांपर्यंतच जाते. ट्रॅकवर डिस्क त्याच्या पुढे जाते, तिथे हे अक्षर काहीच सांगत नाही. म्हणजे कोड हा घाटापुरता उपयोगाचा.

दुसरं बघायचं म्हणजे खोक्यावर युरोपचं आर९० मानांकन. ते असेल तर पॅडची पकड मूळ पॅडच्या १५ टक्के आत बाहेर असल्याची चाचणी झालेली असते. स्वस्तात सुरक्षित राहायचं तर हा एक शिक्का खूप काही सांगतो.

६ एप्रिल २०२४

मोहाला बळी पडलो. २४०० रुपयात "सिरॅमिक परफॉर्मन्स" लिहिलेले पॅड घेतले, कंपनी नावाजलेली आहे, नाव लिहीत नाही कारण पुढे जे झालं त्यात पॅडपेक्षा माझ्या निवडीचा दोष जास्त. माझ्या डोक्यात सिरॅमिक म्हणजे त्या महागड्या स्पोर्ट्स कारच्या कार्बन सिरॅमिक डिस्क, त्या लालभडक होईपर्यंत चालतात तसं काहीतरी. तसं काही नसतं. रस्त्यावरच्या सिरॅमिक पॅडमध्ये लोखंडाच्या तारांऐवजी सिरॅमिक तंतू, तांब्याचा किंवा दुसऱ्या मऊ धातूचा अंश असतो, आणि हे सगळं धरून ठेवायला तेच फिनॉलिक रेझिन जे साध्या पॅडमध्ये असतं. त्यांचा गुण वेगळा, काळी धूळ कमी, आवाज कमी, डिस्क कमी झिजते. रोज ऑफिसला जाणाऱ्याला उत्तमच.

काकांनी बसवले, आणि हवेचा पाइप मारायला निघालेल्या पोराला ओरडले, धूळ ब्रेक क्लीनरने भिजवून पुसायला लावली. जुन्या आणि हलक्या मालात अस्बेस्टॉस असू शकतं, छातीत जातं. ही गोष्ट किती गॅरेजमध्ये पाळतात देव जाणे.

१६ जून २०२४

पाऊस. पॅडला अडीच महिने. अलॉय व्हील पांढरंशुभ्र, आवाज शून्य, पाण्यातही पहिल्या दाबात लागतो. ताम्हिणी एकदा, दुसऱ्या गिअरची शिस्त, खाली १२५ अंश. बायको म्हणते आता गाडी कुठे नेऊ नकोस, व्यवस्थित आहे. ती बरोबर होती.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

कोईमतूर, कारी मोटर स्पीडवे. पुण्याहून साधारण बाराशे किलोमीटर, शुक्रवारी पहाटे निघून बंगळूरला मुक्काम. माझा धाकटा भाऊ बरोबर, त्याची स्विफ्ट पुण्यातच, तो फक्त वेळ मोजायला. ट्रॅक चेट्टिपाळयमला, २.१ किलोमीटरचा, नाव एस. करिवर्धन यांच्यावरून, मारुतीच्या इंजिनावर फॉर्म्युला मारुती गाड्या ज्यांनी घडवल्या ते. लहान ट्रॅक म्हणजे ब्रेकला सोपा असेल असं मला वाटलं होतं. उलट आहे. सरळ भाग छोटे, त्यामुळे डिस्कला थंड व्हायला वेळच मिळत नाही, एक ब्रेक संपला की दुसरा.

जाण्याआधी ऑइल बदलून मोतूल आरबीएफ ६०० घातलं होतं, ताजं असताना ३१२ अंशांना उकळणारं. ते पैसे वसूल.

पहिली फेरी गाडी गरम करायला. दुसरी, तिसरी मस्त. चौथ्या फेरीत सरळ भागाच्या शेवटी १४० वरून ब्रेक मारला, पेडल दगडासारखं कडक, जागेवर, आणि गाडी जातेच आहे. जीव खाऊन दाबलं तरी जेमतेम वेग उतरला, वळण सोडून सरळ रनऑफमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या मोकळ्या जागेत गेलो. मागे कोणी नव्हतं, गाडीला ओरखडाही नाही. पण आंबेनळीचा दुसरा भाऊ भेटला असं वाटलं, तिथे पेडल खाली गेलं होतं, इथे पेडल ठाम आणि पकड गायब. एक फेरी बिनब्रेक हळू मारून आत आलो. हँडब्रेक लावायचा नाही हे भावाला आधीच सांगितलं होतं, त्याने चाकाला दगड लावला. तापलेले मागचे ड्रम आवळून ठेवले तर ते सगळे थंड होताना नुकसान होतं.

डिस्कचा काठ ३४०. वास असा की बाजूच्या गाडीवाला नाक धरून बघायला आला. दिवसभर मग दोन फेऱ्या जोरात, दोन हळू, असंच चालवलं.

२५ सप्टेंबर २०२४

घरी पॅड काढले. पृष्ठभाग काचेसारखा चकाकतोय, नखाने ओरखडा उठत नाही. कडा राखाडी पांढऱ्या झाल्यात आणि एका पॅडचा कोपरा चिमटीत धरला तर बिस्किटासारखा तुटला. रेझिन जळून गेलंय, मसाला धरून ठेवणारं काही उरलं नाही. साडेपाच महिन्यात ९ मिलिमीटरवरून सगळं पॅड संपलं नाही पण मेलं.

परत गणित. मी एकटा, गाडी ११८० किलो, १४० वरून ६० ला यायचं, ०.७३ मेगाज्यूल. पुढच्या चाकांचा वाटा ७० टक्के धरला. भंगारात काढलेली याच मापाची एक डिस्क काकांकडे होती ती वजनकाट्यावर ठेवली, ४ किलो ८०० ग्रॅम. दोन डिस्क, बिडाला एका किलोला एक अंश चढवायला अर्धा किलोज्यूल लागतो, म्हणजे एका ब्रेकला डिस्कचं तापमान शंभरेक अंशांनी उडी मारतं. एका फेरीत असे मोठे ब्रेक दोन तीन, छोटे वेगळे. मधल्या वेळात जेवढं थंड होईल तेवढंच. चौथ्या फेरीला साडेचारशे पाचशेवर गेलं असेल तर नवल नाही. मला काय हवंय ते आता आकड्यात सांगता येतंय. सकाळी गार असताना लागला पाहिजे, आणि ५०० पर्यंत दम टिकला पाहिजे. त्याच्या वर काही असलं नसलं मला फरक पडत नाही.

१३ ऑक्टोबर २०२४

मित्राने त्याचे अर्धे वापरलेले खरे रेसिंग पॅड आठवडाभर वापरायला दिले. "फुकट आहेत, लाव" म्हणाला. लावले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या उतारावरून खाली येताना गेटवर वॉचमनच्या दोन हात पुढे जाऊन थांबलो. गार असताना पकडच नाही, ही जात पॅड दीडदोनशे अंश तापल्यावर जागी होते. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये ते तापमान कधीच येत नाही, आणि प्रत्येक सिग्नलला लोकलसारखी किंचाळी. गार पॅड डिस्कही खरवडून काढतं. तीन दिवसांत काढून परत दिले. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत हे घालू नये असं माझं ठाम मत झालंय, शाळेतलं पोर रस्त्यावर आलं तर ते तुमचे पॅड तापायची वाट बघत नाही.

मग ट्रॅकला जाताना वेगळे आणि रोजचे वेगळे ठेवावेत का? पुढची दोन चाकं, चाळीस मिनिटांचं काम, त्याचं काही नाही. अडचण अशी की पॅड डिस्कवर स्वतःचा एक पातळ थर चढवतं आणि पकड मोठ्या प्रमाणात त्या थराची असते. पॅड बदललं की जुन्या थरावर नवीन मसाला घासतो, थर उंचसखल बसतो आणि स्टिअरिंग थरथरतं. "डिस्क वाकडी झाली" म्हणून लोक नव्या डिस्क घेतात, कित्येकदा ती वाकडी नसतेच, तिच्यावर थर डागाडागाने बसलेला असतो. दरवेळी थर घासून नवीन बसवायचा म्हणजे व्याप. वर्षाला दोन ट्रॅक डेसाठी एकच पॅड हवं.

२७ ऑक्टोबर २०२४

यादी छाटून दोनच नावं उरली, ईबीसी यलोस्टफ आणि फेरोडो डीएस२५००. दोन्ही रस्ता आणि ट्रॅक यांच्या मधल्या वर्गातली. फेरोडोच्या कागदावर ५०० अंशांपर्यंत घर्षण गुणांक सरासरी ०.४२ आणि आलेख जवळजवळ सपाट. सपाट हा शब्द मला महत्त्वाचा वाटला. पहिल्या फेरीत जेवढं दाबलं की जेवढा ब्रेक लागतो, आठव्या फेरीत तेवढ्याच दाबाला तेवढाच लागला तर पाय शिकतो.

इथल्या बाजारात भाव ऐकून घाम फुटला. पण मावसभाऊ इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला असतो, दिवाळीला येणारच होता. त्याला फोन केला "दादा, बॅगेत दोन किलो जागा ठेव." तो म्हणाला "फराळ न्यायला रिकामी बॅग आणतोच आहे, काय आणायचं ते सांग." नुसतं "पोलो" सांगून चालत नाही, एकाच गाडीत वर्षानुसार दोन तीन मापं निघतात. म्हणून जुनं पॅड ब्राऊन पेपरवर ठेवून पेन्सिलने आखलं, लांबी, उंची, पत्र्यासकट जाडी व्हर्नियरने मोजून प्रत्येक आकडा चित्रावर लिहिला, कानाचा आकार वेगळा काढला, फोटो पाठवला. त्याने तिथे दुकानात कॅटलॉगच्या चित्राशी जुळवून घेतलं. आपल्या रुपयात ११,५०० च्या आसपास पडले.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीत पॅड हातात आले. नवीन असताना मसाला ११ मिलिमीटर. काकांनी डिस्क बघितली, जाडी अजून किमान मापाच्या बरीच वर, फक्त सिरॅमिकचा थर शिल्लक. बारीक पॉलिश पेपरने गोल गोल घासून काढला, क्लीनरने धुतली. पिनांना परत ग्रीस.

आज पहाटे साडेपाचला तळेगाव एमआयडीसीतल्या रिकाम्या रुंद रस्त्यावर थर बसवला. ८० वरून २० पर्यंत, मध्यम दाब, पूर्ण थांबायचं नाही, असं दहा वेळा, मध्ये साधारण अर्धा मिनिट चालवत राहायचं. मग १०० वरून ३० पर्यंत जरा जोरात चार वेळा. मधेच एकदा पकड किंचित कमी झाली आणि वास आला, तो नव्या रेझिनमधून निघणारा वायू, पॅड आणि डिस्कच्या मध्ये गादीसारखा अडकतो. हे एकदा इथे रिकाम्या रस्त्यावर होऊन गेलं पाहिजे, ट्रॅकच्या पहिल्या वळणावर नाही. मग वीस मिनिटं ब्रेक न लावता नुसता फेरफटका. थांबून, पाय ब्रेकवर दाबून उभं राहायचं नाही, गरम पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. घरी आल्यावर डिस्क बघितली, सगळीकडे सारखी निळसर राखाडी झाक. बघून फार बरं वाटलं.

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

कारी, दुसऱ्यांदा. पंधरा पंधरा मिनिटांची पाच सत्रं. पहिल्या सत्रात चौथ्या फेरीची वाट बघत होतो, खरं सांगायचं तर पाय थरथरत होता. सरळ भागाचा शेवट, १४०, दाबलं, गाडीने नाक खाली घातलं आणि थांबली. पाचवी तशीच. आठवी तशीच. मागच्या वेळी जिथे ब्रेक मारायचो तिथून पुढे अजून दोन गाड्यांच्या लांबीइतकं जाऊन मारायला लागलो.

तिसऱ्या सत्राच्या शेवटी मात्र पेडल थोडं, अगदी बोटभर, लांब गेलं. पकड तीच. आता हा फरक पायाला लगेच कळतो, पॅड ठीक, ऑइल तापतंय. शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता पूर्ण केली, आत आलो, काठावर ३७०. पेडल पंप न करता जागेवर आलं. चौथ्या सत्राला दहाव्या मिनिटालाच बाहेर पडलो, पाचव्यालाही तसंच. आमच्या शेजारी एकजण मोठ्या चार पिस्टनच्या कॅलिपरचा किट लावून आला होता आणि ऑइल जुनंच, दुसऱ्या सत्रात त्याचं पेडल जमिनीला. त्याला आमच्याकडची उरलेली बाटली दिली, भावाने त्याच्याबरोबर बसून चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून दिली.

संध्याकाळी चाकं काढून बघितलं, पॅडच्या कडा शाबूत, पृष्ठभाग मॅट, भेग नाही. ९.१ मिलिमीटर. यातले रस्त्यावरचे अडीच हजार किलोमीटर धरून.

९ मार्च २०२५, रविवार

कोईमतूरहून आल्यावर ऑइल परत बदललं आणि आज मुद्दाम आंबेनळी. आई, बाबा, बायको, डिकी भरलेली, सगळं तसंच. वरून निघतानाच दुसरा गिअर. पुढे एक बस होती, मागे मागे न राहता अंतर सोडलं म्हणजे ब्रेक सलग लावावा लागत नाही. वाडा कुंभरोशीला माझं लक्ष वासाकडे, काही नाही. मागच्या वेळी जिथे थांबलो होतो ती रुंद जागा आली तेव्हा आईला सांगून टाकलं, की त्या दिवशी इंजिन नव्हतं तापलं, ब्रेक गेला होता. ती काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली "आता नीट आहे ना?" मी म्हटलं हो, बघ. पुढचं वळण, दाबलं, लागला. पोलादपूरला १३५ अंश, पेडल जागेवर. चहा घेतला, पुढे दापोली.

११ मार्च २०२५

हिशोब. काकांचं पहिलं काम १९००, सिरॅमिक २४०० (ते नसते घेतले तरी चाललं असतं), मोतूल दोनदा मिळून साधारण ६०००, फेरोडो ११,५००, बंदूक १४००. पॅड या वेगाने झिजले तर अजून दोन ट्रॅक डे आणि वर्षभर रस्ता सहज निघेल, ३ मिलिमीटरला काढणार.

भावाला स्विफ्टसाठी पॅड घ्यायचेत, तो घाटात जातो, ट्रॅकला जाणार नाही. त्याला आर९० शिक्क्याचे नावाजलेले साधे पॅड, कडेला एफएफ बघून घे, आणि पॅडच्या आधी ऑइल आणि पिना, एवढं लिहून पाठवलंय. शनिवारी त्याची गाडी काकांकडे. माझ्या मागच्या ड्रमचे लायनर (ड्रमला आतून घासणारा मसाला) त्याच दिवशी उघडून बघायचेत, दोन वर्षांत कोणी हात लावलेला नाही.